बर्फाची किंमत आणि हवामान : एक ऐतिहासिक विचार

१

बर्फ हा थंड प्रदेशात निसर्गतः मिळणारा आणि उष्ण प्रदेशात विकत घ्यावा लागणारा पदार्थ होय. या साध्या वस्तुस्थितीतून एक अनुमान सहज निघते : प्रदेश जितका उष्ण, तितका तेथील बर्फ महाग असला पाहिजे. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात शोभावे इतके हे अनुमान सोपे आहे. परंतु ज्या थोड्या ठिकाणी व काळी बर्फाच्या किमतीचे आकडे नोंदले गेले आहेत, ती ठिकाणे एकेक करून तपासली असता हे अनुमान अंशतःच खरे ठरते. हवामानाने बर्फाची गरज ठरते आणि वाटेत होणारी त्याची घट ठरते. मात्र ग्राहकाच्या हाती बर्फ कोणत्या भावाने पडेल, हे वाहतुकीची सोय, साठवणीची कोठी, परतीच्या जहाजाचे भाडे आणि व्यापारातील मक्तेदारी यांवर अधिक अवलंबून राहिलेले दिसते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, वितळून गेलेल्या बर्फाचा भुर्दंड कोणावर पडतो? विक्रेत्यावर की ग्राहकावर? या प्रश्नाचे उत्तर काळाबरोबर बदलत गेले आहे, आणि बर्फाच्या किमतीच्या इतिहासातील मर्म तेथेच आहे.

आरंभी एका शब्दाचा विचार करणे उपयुक्त होईल. 'बर्फ' हा मराठीतील शब्द फारसीतून आलेला आहे. फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडणारे हिम. गोठून घट्ट झालेल्या पाण्याला तेथे 'यख' असा वेगळा शब्द आहे. मराठीने यांपैकी पहिला शब्द घेतला आणि तो दोन्ही अर्थी वापरला. संस्कृतातून आलेला 'हिम' हा शब्द मराठीत मुख्यतः ग्रंथांत व काव्यात वावरला. बोलीत घट्ट झालेले पाणी म्हणून ओळखीची वस्तू होती ती 'गार', म्हणजे पावसाबरोबर अवचित पडणारी आणि पाहता पाहता विरून जाणारी. जेथे पाणी सहसा गोठत नाही तेथील भाषेला हिम आणि बर्फ यांत भेद करण्याचे कारण पडले नाही. बर्फ ही वस्तू येथे बाहेरून आली आणि नावही बाहेरचेच घेऊन आली.

दुसरी गोष्ट पदार्थविज्ञानाची. एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरील पाणी होण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणून बर्फ आपल्या कल्पनेपेक्षा सावकाश वितळतो. शिवाय उष्णता शिरते ती पृष्ठभागातून. ढीग जितका मोठा, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी आणि घटही कमी. हातातली गार क्षणात नाहीशी होते, पण जहाजभर रचलेल्या लाद्या महिनोन्‌महिने टिकू शकतात. पुढील सर्व विवेचनात या दोन गोष्टी ध्यानात ठेवावयाच्या आहेत.

२

हिंदुस्थानातील बर्फाच्या किमतीची अत्यंत तपशीलवार जुनी नोंद अबुल फजल याच्या 'आईन-ई-अकबरी' या ग्रंथात, आबदारखान्याच्या प्रकरणात, मिळते. त्यापूर्वी बादशाही पाणी सोऱ्याच्या साहाय्याने थंड करीत. अकबराच्या कारकीर्दीच्या तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. १५८५-८६ च्या सुमारास, बादशाही मुक्काम पंजाबात हलला, तेव्हापासून लाहोरास डोंगरातून बर्फ येऊ लागला. तो लाहोरपासून सुमारे ४५ कोसांवरील पन्हान नावाच्या पहाडी मुलखातून आणीत. आणण्याचे मार्ग तीन होते : नावा, डाकेच्या गाड्या आणि हमाल. गाड्यांसाठी चौदा टप्पे होते व प्रत्येक टप्प्यावर घोडे बदलत. बर्फाच्या गठ्ठ्याचे वजनही हवेच्या मानाने सहा ते बारा शेर असे कमीजास्त भरत असे.

अबुल फजल याने दिलेले दर असे आहेत. पहाडी लोक पंचवीस ते तीस शेरांचा ढीग पाच दामांना विकीत. म्हणजे उगमाच्या ठिकाणी शेरास दामाचा पाचवा-सहावा हिस्सा पडे. तोच बर्फ डाकेच्या गाडीने लाहोरास आला की शेरास हिवाळ्यात पावणेचार दामांहून किंचित अधिक, मधल्या ऋतूत जवळजवळ दहा दाम आणि पावसाळ्यात जवळजवळ पंधरा दाम खर्च येई. बाजारात व्यापारी रुपयास दोन ते तीन शेर या भावाने तो विकीत. रुपयाचे चाळीस दाम धरले, तर हा भाव शेरास तेरा ते वीस दाम होतो.

या आकड्यांचे थोडे पृथक्करण केले तर हवामान आणि मार्ग यांचे हिस्से वेगळे काढता येतात. एकाच मार्गावर, एकाच वाहनाने, हिवाळा आणि पावसाळा यांतील फरक जवळजवळ चौपट आहे. हा ऋतूचा, म्हणजे हवामानाचा हिस्सा. पावसाळा सर्वांत महाग का, याचीही कारणे उघड आहेत. डोंगरातील साठा तोवर ओसरलेला असतो, वाटा बिघडलेल्या असतात आणि दमट हवेतील बाष्प बर्फावर जमताना आपली उष्णता त्यालाच देते. परंतु घट कमीत कमी असणाऱ्या हिवाळ्यातदेखील लाहोरातील बर्फ उगमाच्या सुमारे वीसपट महाग आहे. हा केवळ वाटेचा हिस्सा होय. घोडे, गाडीवान आणि चौदा टप्पे यांनी किंमत वीसपट केली. उन्हाने व पावसाने ती फार तर आणखी चौपट केली. व्यापाऱ्यास नफा नावेच्या मार्गात सर्वांत अधिक, गाडीच्या मार्गात त्याहून कमी आणि हमालांच्या मार्गात सर्वांत थोडा होई, हे अबुल फजलचे विधानही याच निष्कर्षास पुष्टी देते. हवा तिन्ही मार्गांवर सारखीच होती. वेगळे होते ते वाहन.

उन्हाळ्यात सर्व थरांतील लोक बर्फ वापरतात आणि अमीर-उमराव तो वर्षभर वापरतात, असेही हा ग्रंथकार म्हणतो. या विधानाची पारख त्याच्याच दुसऱ्या आकड्याने होते. साध्या मजुराची रोजची मजुरी त्याच ग्रंथात सुमारे दोन दाम दिलेली आहे. म्हणजे लाहोरच्या बाजारात एक शेर बर्फासाठी मजुराला सात ते दहा दिवस राबावे लागले असते. 'सर्व थर' या शब्दांत दरबाराच्या परिघातील थर अभिप्रेत आहेत, हे येथे उघड होते. बर्फाच्या इतिहासात असे शब्द वारंवार भेटतात, आणि दरवेळी ते मजुरीच्या आकड्याशेजारी ठेवून वाचणे अवश्य आहे.

३

लाहोरास डोंगर जवळ होता. बंगालच्या सपाट प्रदेशास ती सोय नव्हती. तेथे एक वेगळीच युक्ती रूढ होती. हिवाळ्यातील निरभ्र व निवांत रात्री उथळ खड्ड्यांत गवताचा किंवा पेंढ्याचा थर देऊन त्यावर मातीची, झिलई न दिलेली पसरट भांडी ठेवीत आणि त्यांत थोडे थोडे पाणी ओतीत. मोकळ्या आकाशाकडे उष्णता निघून गेल्यामुळे, तसेच सच्छिद्र मातीतून झिरपणारे पाणी बाष्परूप होत असल्यामुळे, हवेचे तपमान गोठणबिंदूच्या वर असतानाही भांड्यांत पहाटेपर्यंत पातळ पापुद्रा धरे. तो सूर्योदयापूर्वी गोळा करून खड्ड्यांत ठोकून भरीत व उन्हाळ्यासाठी राखीत. अलाहाबाद येथील या पद्धतीचे वर्णन सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात ऐन थंडीत पहाटे दवबिंदू गोठलेले दिसतात, त्यामागेही आकाशाकडे उष्णता जाण्याचे हेच तत्त्व आहे.

कलकत्त्याच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर असलेल्या हुगळीच्या परिसरात असा बर्फ तयार होई आणि कलकत्त्यातील युरोपीय वस्तीला पुरविला जाई. त्याचे प्रमाण थोडे, स्वरूप चिखलासारखे व मळकट आणि वापर बहुतांशी बाहेरून थंडावा देण्यापुरता असे. हा बर्फ जवळचा होता, तरी स्वस्त नव्हता. मोजक्या रात्री, असंख्य भांडी, पहाटेची घाईची मजुरी आणि पातळ पापुद्र्यांची प्रचंड घट हे सर्व त्याच्या किमतीत सामावलेले होते.

४

या पार्श्वभूमीवर १८३३ सालची घटना पाहावी. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर (१७८३–१८६४) याने १८०६ मध्ये सुमारे १३० टन बर्फ कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर नेला होता. उष्ण प्रदेश, मागणीची खात्री आणि प्रतिस्पर्ध्याचा अभाव अशी परिस्थिती असूनही त्यास तेथे हजारो डॉलरांचा तोटा आला. बेटावर साठवणीची कोठी नव्हती आणि बर्फ घरी नेऊन टिकवावा कसा, हे ग्राहकांस ठाऊक नव्हते. हवेने किंमत ठरत असती, तर मार्टिनिकमध्ये ट्यूडर श्रीमंत झाला असता. हा धडा त्याने पुरता गिरवला. पुढे हवानामध्ये त्याने प्रथम कोठी बांधली, विक्रीचा एकाधिकार मिळविला आणि मगच बर्फ नेला.

दरम्यान बर्फ काढण्याच्या कामातही सुधारणा झाली. नॅथॅनिएल वायेथ याने १८२५ च्या सुमारास घोड्याने ओढावयाचा, तळ्याच्या पृष्ठावर सरळ खाचा पाडणारा फाळ तयार केला. त्यामुळे टनामागे तीस सेंटांचा खर्च दहा सेंटांवर आला. त्याहून महत्त्वाचा लाभ असा की, लाद्या एकसारख्या चौकोनी निघू लागल्या व जहाजात एकमेकींस घट्ट भिडवून रचता येऊ लागल्या. फटी बुजल्या, पृष्ठभाग घटला आणि वितळणे कमी झाले. लाद्यांभोवती भरावयास मेन प्रांतातील लाकडाच्या गिरण्यांचा भुसा मिळाला. तोवर तो टाकाऊ होता.

'टस्कनी' हे जहाज १२ मे १८३३ रोजी १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्यास पोहोचले. तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. चार महिन्यांच्या उष्ण प्रवासात ८० टनांची, म्हणजे शेकडा चव्वेचाळीसाच्या आसपास घट झाली. सरकारने जकात माफ केली आणि माल रात्री उतरविण्याची मुभा दिली. गव्हर्नर-जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याने ट्यूडरचा प्रतिनिधी विल्यम रॉजर्स यास चांदीचा पेला देऊन गौरविले. शहरातील रहिवाशांनी वर्गणी जमवून कोठी उभारली.

हा बर्फ पौंडास तीन पेन्स, म्हणजे सुमारे दोन आणे, या भावाने विकला गेला. टनाचे २,२४० पौंड धरले तर टनास २८० रुपये होतात. तळ्यावर तो कापण्याचा जुना खर्च टनास तीस सेंट होता. त्या मानाने कलकत्त्याचा भाव चारशे पटींहून अधिक भरतो. असे असूनही हुगळीच्या मळकट बर्फाच्या सुमारे निम्म्या किमतीत तो मिळत होता. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेला, वाटेत जवळजवळ अर्धा वितळून गेलेला, स्फटिकासारखा स्वच्छ बर्फ हा काही कोसांवर तयार झालेल्या बर्फाहून स्वस्त पडला.

हे कसे घडले, याचे उत्तर हवामानात सापडत नाही. ते जहाजाच्या तळाशी सापडते. बॉस्टनची जहाजे कलकत्त्याहून नीळ, ताग, कातडी इत्यादी माल भरून नेत. परंतु तिकडून येताना हिंदुस्थानात खपेल असा वजनदार माल त्यांच्यापाशी नसे. तेव्हा जहाज तोलून धरण्यासाठी तळाशी दगड किंवा वाळूचे नीरम भरावे लागे, आणि त्यापासून भाडे मिळत नसे. बर्फाने त्या नीरमाची जागा घेतली. थोडेदेखील भाडे मिळाले तरी जहाजमालकाचा तो निव्वळ लाभ होता. अशा रीतीने टाकाऊ भुसा, रिकामे जहाज आणि निसर्गाने फुकट गोठविलेले तळे या तीन निरुपयोगी गोष्टी एकत्र आल्या आणि त्यांतून उष्ण कटिबंधातील बर्फाचा भाव ठरला. घट मोठी होती, हे खरे. पण ती सर्वस्वी विक्रेत्याच्या खाती होती. जे ८० टन समुद्रात पाणी होऊन गेले त्यांचा हिशोब ट्यूडरच्या वहीत झाला. ग्राहकाने पैसे मोजले ते कोठीच्या दारात तोललेल्या बर्फाचे.

५

मुंबईस अमेरिकन बर्फ सप्टेंबर १८३४ मध्ये आला. तो आणविण्यात जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने पुढाकार घेतला होता. जमशेटजी जीजीभाई यांनी एका मेजवानीत पाहुण्यांस आइस्क्रीम दिले, तेव्हा यजमान व पाहुणे यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार' या गुजराती पत्राने गंभीरपणे छापली, अशी हकीकत मुंबईच्या इतिहासग्रंथांत सांगतात. या बातमीचा विनोद म्हणून पुष्कळदा उल्लेख होतो. परंतु तीत एक सामाजिक सत्य आहे. उष्ण प्रदेश म्हणून बर्फाची मागणी आपोआप उत्पन्न होते, असे नाही. नवा पदार्थ पचनी पडावा लागतो. मार्टिनिकमध्ये जे घडले त्याचाच हा सौम्य प्रकार होता. पुढे मुंबईतही, कोटाच्या दक्षिण भागात सेंट अँड्र्यूज चर्चशेजारी, घुमटाकार बर्फकोठी बांधली गेली.

मद्रासची कोठी समुद्रकिनाऱ्यावर, १८४० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत उभी राहिली. ती इमारत आजही आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद पाश्चात्त्य देशांतून परतल्यावर तेथे राहिले होते आणि तिचे नाव आता विवेकानंदांच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे. तरीही त्या भागाला लोक 'आइस हाउस' असेच म्हणतात. वस्तू, व्यापार आणि व्यापारी तिन्ही नाहीसे झाले, पण नाव टिकले. स्थलनामांच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही.

या व्यापाराने हवामान आणि किंमत यांचा संबंध एका अर्थी उलटा केला. कलकत्ता, मद्रास किंवा मुंबई येथील उन्हाळ्याचे दिवस कसे जातील हे आता मॅसॅच्युसेट्समधील हिवाळ्यावर अवलंबून राहू लागले. तेथे थंडी कमी पडली की तळ्यावरील थर पातळ धरे. जहाज रखडले की कोठी रिकामी पडे आणि मग कोणत्याही भावाने बर्फ मिळत नसे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरच्या माणसांनी वॉल्डन तळ्यावर बर्फ कापला, तेव्हा तेथे राहणाऱ्या थोरोने आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई व कलकत्त्याचे लोक पिणार या कल्पनेवर चिंतन केले. त्याचा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला. ज्या दूरच्या तहानेचा त्याने विचार केला, ती व्यवहारात त्या शहरांतील थोड्या घरांची तहान होती, हे मात्र दोन आणे पौंड या भावावरून ध्यानात घ्यावे लागते.

६

आता दोन उदाहरणे प्रत्यक्ष अमेरिकेतीलच घ्यावयाची. पहिले उष्ण प्रदेशातील. फ्लॉरिडामधील अपालाचिकोला या बंदरात डॉ. जॉन गॉरी हा वैद्य तापाच्या रोग्यांच्या खोल्या थंड राखण्यासाठी छताजवळ बर्फाचे भांडे टांगीत असे. बर्फ उत्तरेकडून जहाजाने येई, आणि जहाज न आल्यास उपचार थांबे. या परावलंबनातून सुटण्यासाठी त्याने हवा दाबून व पुन्हा प्रसरण पावू देऊन बर्फ करणारे यंत्र तयार केले आणि १८५१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. भांडवल उभे राहिले नाही, आणि १८५५ मध्ये तो यश न पाहताच वारला. बर्फाची किंमत हा केवळ ऐषआरामाचा विषय नव्हता, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. रोग्याच्या दृष्टीने बर्फाच्या भावापेक्षा त्याची निश्चिती मोलाची होती.

दुसरे उदाहरण थंड प्रदेशातील. न्यूयॉर्क शहराजवळच हडसन नदी हिवाळ्यात गोठे आणि तेथून व मेन प्रांतातून शहरास बर्फ येई. येथे अंतर थोडे, घट थोडी आणि पुरवठा विपुल. मार्टिनिक वा कलकत्त्याशी तुलना करता बर्फ अत्यंत स्वस्त असावयास हवा, आणि तो तसा होताही. परंतु १८९९ साली अनेक व्यापारी एकत्र करून चार्ल्स मॉर्स याने 'अमेरिकन आइस कंपनी' स्थापन केली. १९०० च्या वसंत ऋतूत या कंपनीने शंभर पौंडांचा भाव ३० सेंटांवरून एकदम ६० सेंटांवर नेला. शहराचा महापौर रॉबर्ट व्हॅन वाइक याच्याकडे कंपनीचे मोठ्या किमतीचे भाग असल्याचे वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. जनक्षोभामुळे कंपनीस भाव पुन्हा उतरवावा लागला आणि महापौराची राजकीय कारकीर्द संपुष्टात आली.

त्या शहरातील दाटीच्या चाळींत राहणाऱ्या कुटुंबांना उन्हाळ्यात मुलांचे दूध नासू नये म्हणून रोज थोडा बर्फ घ्यावा लागे. त्यांच्यासाठी भाव दुप्पट होणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. लाहोरात हिवाळा ओलांडून पावसाळ्यात शिरताना भाव चौपट होई, त्यास निसर्ग जबाबदार होता. न्यूयॉर्कमध्ये तो दुप्पट झाला तो एका मंडळीच्या निर्णयाने. थंड हवामानाने येथे गरिबांचे रक्षण केले नाही.

७

यंत्रनिर्मित बर्फाने हा सारा इतिहास वेगळ्या दिशेस वळविला. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन याने १८५० नंतरच्या दशकात ईथरच्या बाष्पीभवनावर चालणारे यंत्र यशस्वी केले. फ्रान्समध्ये फर्दिनां कारे याने १८५९ च्या सुमारास अमोनियाचे यंत्र काढले. हिंदुस्थानात मद्रास येथे १८७४ मध्ये 'इंटरनॅशनल आइस कंपनी' आणि कलकत्त्यास १८७८ मध्ये 'बेंगाल आइस कंपनी' स्थापन झाली. थोड्याच वर्षांत अमेरिकन बर्फाचा व्यापार बंद पडला. आता बर्फ जेथे हवा तेथेच तयार होऊ लागला. अंतर नाहीसे झाले. उरले ते हवामान आणि यंत्र.

येथे हवामानाचा हिस्सा जवळजवळ शुद्ध स्वरूपात मोजता येतो. दहा अंशांच्या पाण्याचा एक ग्रॅम बर्फ करण्यास सुमारे ९० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. तीस अंशांच्या पाण्याच्या बाबतीत ती ११० होते. फरक शेकडा बावीस. शिवाय उष्ण हवेत यंत्राला बाहेर उष्णता टाकणेही जड जाते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने मासेमारीच्या उपयोगासाठी दिलेल्या आकड्यांनुसार एक टन लादी-बर्फास समशीतोष्ण प्रदेशात ४० ते ५० युनिट आणि उष्ण प्रदेशात ५५ ते ७० युनिट वीज लागते. म्हणजे उष्ण हवामानाचा अधिभार विजेच्या खर्चात दीडपटीच्या आत आहे. लाहोरचा चौपट ऋतुभेद, वीसपट मार्गखर्च आणि कलकत्त्याची चारशेपट यांच्या शेजारी हा आकडा ठेवला म्हणजे यंत्राने काय साधले ते कळते.

परंतु हिशोब येथे पुरा होत नाही. १९२७ साली टेक्सासमधील डॅलस येथे 'साउथलँड आइस कंपनी'च्या बर्फविक्रीच्या ओट्यावर दूध, पाव व अंडीही विकण्यास प्रारंभ झाला आणि त्यातून किरकोळ दुकानांची एक जगप्रसिद्ध साखळी निर्माण झाली. बर्फ हा दुकानातला एक जिन्नस झाला. पुढे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेले बर्फाचे खडे दुकानातील शीतपेटीत ठेवून विकण्याची पद्धत आली. या पिशवीच्या किमतीत बर्फापेक्षा पिशवी, गाडी, शीतपेटीची वीज आणि जागेचे भाडे यांचाच वाटा मोठा असतो. म्हणून थंड व उष्ण शहरांतील पिशवीच्या भावांतील फरक हा सामान्यतः हवेपेक्षा व्यापाराच्या खर्चांतील फरक असतो. महाराष्ट्रात २०१८ साली खाण्यायोग्य नसलेल्या बर्फास निळा रंग देणे सक्तीचे करण्यात आले. त्यावरूनही एकाच शहरात, एकाच हवेत बर्फाच्या दोन प्रती आणि दोन भाव असू शकतात हे स्पष्ट होते.

मग हवामान गेले कोठे? ते ग्राहकाच्या पारड्यात गेले. बर्फाचा खरा भाव काढावयाचा तर दिलेल्या पैशांना प्रत्यक्ष वापराच्या वेळी उरलेल्या बर्फाने भागावे लागते. पिशवीतील खडे लहान असतात, त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो आणि ते लादीपेक्षा लवकर वितळतात. घरी पोहोचेपर्यंत चौथा हिस्सा पाणी झाला, तर ग्राहकाला बर्फ एक-तृतीयांशाने महाग पडला. निम्मा वितळला तर दुप्पट. दुकानातील पाटीवर हा भाव लिहिलेला नसतो. थंड हवेत पाटीवरचा भाव आणि खरा भाव जवळजवळ एकच असतो. वैशाखात त्यांत मोठे अंतर पडते.

हे अंतर सर्वांना सारखे पडत नाही. ज्याच्या घरी शीतपेटी आहे त्याला ते जाणवत नाही. सकाळी लादी घेऊन गोणपाटात व भुशात गुंडाळणाऱ्या गोळेवाल्याला, सरबतवाल्याला किंवा मासळी विकणाऱ्या कोळणीला ते दिवसभर मोजावे लागते. कोकण किनाऱ्यावरून मासेमारीस निघणारी होडी बर्फ भरून घेते तेव्हा किती दिवस समुद्रात राहता येईल, हे त्या बर्फाच्या घटीवरून ठरते. बर्फ संपला की मासळी मिळेल त्या भावाने द्यावी लागते किंवा खारवून सुकवावी लागते. १८३३ साली समुद्रात वितळलेल्या ८० टनांचा तोटा बॉस्टनच्या व्यापाऱ्याने सोसला. आज होडीच्या खणात वितळणाऱ्या बर्फाचा तोटा होडीवाल्याने सोसावयाचा असतो.

८

या विवेचनाचे सार थोडक्यात असे. हवामान हे बर्फाच्या किमतीचे एक कारण आहे. तिचे एकमेव किंवा सर्वांत प्रबळ कारण ते कोणत्याही काळी नव्हते. लाहोरात वाटेने, कलकत्त्यात रिकाम्या जहाजाने, न्यूयॉर्कमध्ये मक्तेदारीने आणि आधुनिक शहरात दुकानदारीच्या खर्चाने भाव ठरविला. बदलत गेला तो घटीचा धनी. बर्फ दूरवरून येत असे तेव्हा घट विक्रेत्याची होती व तो ती भावात मिळवून श्रीमंत ग्राहकाकडून वसूल करीत असे. बर्फ जवळ तयार होऊ लागल्यावर तो स्वस्त झाला, सामान्य माणसाच्या आटोक्यात आला आणि त्याच वेळी घटही त्याच्या पदरी आली.

आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्याने किमतींचे जुने तक्ते वाचताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत : हा भाव कोणत्या ठिकाणी तोललेल्या मालाचा आहे, आणि तेथून उपयोगाच्या क्षणापर्यंत किती माल उरला? धान्य, मासळी, फळे, दूध अशा प्रत्येक नाशवंत वस्तूला हे प्रश्न लागू पडतात. बर्फाच्या बाबतीत त्यांचे उत्तर अधिक स्वच्छ दिसते इतकेच. कारण येथे नाश पावलेला माल डोळ्यांदेखत जमिनीवर वाहून जातो.